शेवाळाचा हिशेब

जेवू घालणाऱ्याच्या हातूनही पाप घडू शकते, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत कोणी सांगितले नव्हते. आमच्याकडे पंगतीला बसलेल्या माणसाने "नको, नको" म्हणत पानावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि वाढणाऱ्याने त्या हातांच्या फटीतून जिलबी खाली सोडायची, अशी रीत. पाहुणा खरोखरच नको म्हणत असेल, अशी शंकासुद्धा कोणाच्या मनात येत नसे. मी रत्नागिरीकडची. पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. पण वाढायला बसले की मोजमाप विसरत असे, आणि त्याचा मला अभिमानही होता.

यजमान गेल्यावर 2021 साली मी मुलाकडे न्यू जर्सीला राहायला आले. घर ऐसपैस, माणसे प्रेमळ, तक्रारीला जागा नाही. पण खरे सांगायचे तर त्या घरात मला करण्यासारखे काही नव्हते. भांडी यंत्र घासते, कपडे यंत्र धुते नि वाळवते, केरसुद्धा एक चपटे यंत्र आपला आपण काढत फिरते. त्याला वाट द्यायची म्हणून पाय वर घेऊन बसणे, एवढेच माझ्या वाट्याला. "आई, तुम्ही आता नुसता आराम करा," असे सूनबाई म्हणे, आणि तिच्या बोलण्यात आपुलकीच असे. पण नुसता आराम करणे हे किती कष्टाचे काम आहे, ते केल्यावाचून समजत नाही.

दिवाणखान्यात मुलाची काचेची टाकी होती. मासे पाळण्याशी माझा संबंध एवढाच, की शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला गेले असताना मरीन ड्राइव्हवरचे, 1951 साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. इथे तर घरातच समुद्र! चार फूट लांब, सुमारे 340 लिटर पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ; म्हणजे टाकीत बारा किलो मीठ विरघळलेले, हा हिशेब मी पहिल्याच दिवशी मनाशी केला. आत चुनखडीचे सच्छिद्र दगड, त्यांवर प्रवाळ, आणि प्रवाळांतून फिरणारे मासे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी. आणि हळदीत बुडवून काढल्यासारखा एक पिवळाधमक मासा. हा मूळचा हवाईकडचा; 2015 साली तिथल्या शास्त्रज्ञांना त्याची पैदास पहिल्यांदा टाकीत करता आली, असे मुलाने सांगितले. नातू त्याला 'पिवळू' म्हणे.

मधोमध एक प्रवाळ होते. त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाशी मऊ, हिरवट बोटांचा झुबका, आणि प्रत्येक बोटाचे टोक लहानशा हातोडीसारखे. पाण्याच्या लाटेबरोबर सारी बोटे एकदम डोलत. 2012 साली, नातू जन्मला त्या वर्षी, मुलाने ते दोन फांद्यांचे आणले होते. मी पाहिले तेव्हा चौदा फांद्या होत्या. नातवाची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजत, तशा या प्रवाळाच्या फांद्या मोजण्याची त्या घरात पद्धत होती.

2023 च्या जानेवारीत कचेरीच्या कामाने मुलाला सात आठवडे परदेशी जावे लागले. निघताना त्याने मला टाकीपुढे नेले आणि बर्फाच्या पेटीतले एक पाकीट हाती दिले. आत लहान लहान चौकोनी वड्या. एक वडी वाटीभर पाण्यात विरघळवून पाहिली तर काय, आमच्याकडच्या जवळ्याची सख्खी बहीण! "आई, रोज सकाळी एक वडी. बस. बाकी सगळं यंत्रं करतील."

त्या घरात मला मिळालेले ते पहिले काम. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, केस विंचरून टाकीपुढे गेले. मला पाहताच मासे काचेशी धावत आले. काय सांगावे! दोन वर्षांत मला पाहून इतक्या लगबगीने कोणी पुढे आले नव्हते. वडी घातली. दोन मिनिटांत फस्त. आणि पुन्हा सगळे काचेशी हजर, तोंडे उघडझाप करीत. मी कोकणातली बाई; तोंड उघडून उभा राहिलेल्याला पाठमोरी होणे माझ्याच्याने होईल का? दुसरी वडी घातली. आठवडाभराने संध्याकाळची तिसरी सुरू झाली. नातू म्हणाला, "आजी, बाबांनी एकच सांगितली होती." मी म्हटले, "तुझ्या बाबांनासुद्धा मी असंच वाढवलं."

आणखी एक अपराध कबूल करायला हवा. टाकीतले पाणी रोज थोडे उडून जाते. मीठ मागे राहते, म्हणून वरून गोडे पाणी घालावे लागते. त्यासाठी मुलगा चाळण्यांतून गाळून काढलेले, अगदी निर्मळ पाणी पिंपात भरून ठेवी. ते संपले तेव्हा मी दोन-चारदा स्वयंपाकघरातल्या नळाचे घातले. आपण पितो ते पाणी माशांना का चालू नये? पुढे कळले की अमेरिकेत पुष्कळ गावी नळाच्या पाण्यात फॉस्फेट मुद्दाम मिसळतात, जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू नये म्हणून. माणसाला ते हितकर. माझ्या समुद्राला मात्र ते खत.

फेब्रुवारीच्या मध्याला वाळूवर तपकिरी साय धरली. मग दगडांवर कोवळी हिरवळ आली. मला, खोटे का सांगू, ती आवडली. बाहेर बर्फ, झाडांच्या नुसत्या काटक्या, आणि घरात हा आषाढ! शेवाळाने वेढलेले कमळसुद्धा शोभूनच दिसते, असे 'शाकुंतला'त दुष्यंताला वाटते; मग माझ्या प्रवाळांना का शोभू नये? पण कालिदासाचे शेवाळ तळ्यातले होते, आणि तळ्याला तिथे राबता असतो. माझे शेवाळ दोन आठवड्यांत बोटभर लांब झाले. केसांसारखे तंतू दगडांवरून लोंबू लागले, हातोडीच्या प्रवाळात शिरले. त्याची बोटे आखडली. एके दिवशी एका फांदीवर बोटेच नव्हती. नुसता पांढरा सांगाडा.

मार्चमध्ये मुलगा परत आला. बॅगा दारातच ठेवून तो टाकीपुढे उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात कसलेसे थेंब टाकले. फॉस्फेट जितके जास्त तितका निळा रंग गडद. नळी शाईसारखी निळी झाली.

"आई, किती घालत होतीस?"

"एक," मी म्हटले. "कधी कधी दोन."

"तीन, आजी," नातू हळूच म्हणाला.

मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. "तू यांना प्रेमानं मारते आहेस, आई," एवढेच तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरे झाले असते. चार दिवसांनी टाकीच्या कडेला एक लहानसे यंत्र बसले. ठरल्या वेळी ते गर्रकन फिरे आणि चिमूटभर कोरडे दाणे पाण्यात टाकी. तेवढे एक काम यंत्रावाचून उरले होते, तेही गेले. मी खोलीत जाऊन दार लावून घेतले. बाहेरून त्या यंत्राचा आवाज आला की मला वाटे, ते माझ्याच नावाने फिरते आहे.

मग शेवाळाशी लढाई सुरू झाली. मुलाने आणि नातवाने दगड ब्रशने घासले. पाणी हिरवे झाले, दगड स्वच्छ झाले, आणि पंधरा दिवसांत शेवाळ पूर्वीहून दाट आले. कारण तुटलेला प्रत्येक तंतू पाण्यातून जाऊन नव्या जागी रुजला होता. मग टपालाने पंचवीस गोगलगायी आल्या. शेवाळावर गोगलगाय हा उपाय मत्स्यालयाइतकाच जुना. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने भांड्यात मासे आणि पाणवनस्पती यांचा समतोल कसा राखता येतो ते मांडले. त्याच्याही भांड्यात कुजकी पाने आणि बुळबुळीत हिरवा थर साचला, तेव्हा त्याने गोगलगायीच सोडल्या होत्या. आमच्या गोगलगायींनीही काम चोख केले. पण त्या खात होत्या ते पाण्यातच टाकत होत्या, आणि त्यावर पुन्हा शेवाळ पोसत होते. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घातल्याने कर्ज कसे फिटणार?

म्हणून खाणाऱ्या तोंडांचे मोल कमी, असे मात्र नव्हे. त्याच सुमारास नातवाने शाळेसाठी जमैकाच्या प्रवाळांवर निबंध लिहायला घेतला आणि मला वाचून दाखवला. तिथल्या खडकांवरचे शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवले होते. तरी लांब काट्यांचा, काळ्या चेंडूसारखा एक सागरी प्राणी रात्रंदिवस ते शेवाळ खरवडून खाई, म्हणून प्रवाळ टिकून होते. 1983 साली पनामाजवळ या प्राण्यांत रोगाची साथ सुरू झाली आणि वर्षभरात साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरली. बहुतेक सगळे मेले. जमैकात पूर्वी तळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाचा होता. दहा-बारा वर्षांनी तो शेकडा 5 हूनही कमी उरला, आणि बाकी सगळीकडे शेवाळ माजले. एवढा अफाट समुद्र, पण केर काढणारा गेला आणि घर बुडाले! मी ते ऐकत होते आणि दिवाणखान्यातल्या टाकीकडे पाहत होते.

त्या रात्री मला आमची विहीर आठवली. लहानपणी पावसाळा सरता सरता वडील विहिरीच्या चिऱ्याच्या पायऱ्या नारळाच्या सोडणाने आणि वाळूने घासून काढीत. मी विचारले होते, "पुढच्या वर्षी शेवाळ येणारच, मग घासायचं कशाला?" वडील म्हणाले, "पाय घसरू नये म्हणून घासायचं. शेवाळ जायला हवं असेल तर ओल घालवावी लागेल. ओल आहे तोवर शेवाळ आहे." इतकी वर्षे गणित शिकवले, आणि हे सोपे समीकरण मी विसरले! टाकीला मोरी नाही. जे आत पडते ते, कोणी उचलून बाहेर काढीपर्यंत, आतच राहते. तिन्ही वड्या माशांच्या पोटातून जाऊन शेवटी शेवाळाच्या रूपाने दगडावर लोंबत होत्या. ते हिरवे केस म्हणजे माझ्या आग्रहाची बेरीज होती.

सकाळी मी दोनशे पानी वही काढली, रेघा मारल्या आणि मुलापुढे ठेवली. एका बाजूला 'आत गेले', दुसऱ्या बाजूला 'बाहेर काढले'. "दाणे तुझं यंत्र घालू दे," मी म्हटले. "बाहेर काढायचं काम मला दे." त्याने वही उलटसुलट पाहिली. म्हणाला, "आई, पाणी गार नसतं, पण वाकावं लागेल." मी म्हटले, "मी विहिरीवर वाढलेली आहे."

मग रोज सकाळी अर्धा तास मी स्टुलावर उभी राहून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, शेवाळ चिमटीने उपटू लागे. नातू शेजारी नळी धरून उभा राही. तुटलेला तंतू तरंगण्याआधी नळीने ओढून बाहेरच्या बादलीत घ्यायचा. रविवारी 50 लिटर पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालायचे. मुलाने खालच्या लहान टाकीत एक दिवा लावून काथ्याच्या गुंत्यासारखे दुसरे एक शेवाळ वाढवायला घेतले. हे दगडाला चिकटत नाही, नुसते गोळ्यासारखे फुगते. वरच्या शेवाळाचे अन्न हे खाते, आणि फुगले की मूठभर काढून टाकता येते. काट्याने काटा काढण्यातलाच प्रकार. दर पंधरवड्याला मी ते तागडीत तोलून वहीत मांडू लागले.

पण फॉस्फेट उतरेना. मुलगा म्हणाला, चुनखडीचे दगड ते शोषून ठेवतात आणि पाण्यातले कमी झाले की आतले सोडतात. मला ते पटले. जुने कर्ज असेच असते. दर आठवड्याला नळीतला निळा रंग किंचित फिका होई; पण मुलाचा धीर सुटला. जुलैत त्याने गेरूसारखे लालसर दाणे आणले. लोखंडाच्या गंजाचेच ते. पाण्यातले फॉस्फेट धरून ठेवतात. थोडे घालायचे ते त्याने दुप्पट घातले, यंत्राचे दाणेही निम्म्यावर आणले. मी वहीत मांडून ठेवले, बोलले नाही. नको तितके बोलायची माझी सवय त्या उन्हाळ्यात थोडी सुटली होती.

तीन आठवड्यांत नळीतले पाणी स्वच्छ पांढरे. फॉस्फेट शून्य, नायट्रेट शून्य! दगड चकाकू लागले. आम्ही त्या दिवशी श्रीखंड केले.

आनंद आठ दिवस टिकला. प्रवाळ फिके पडू लागले. मग वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर आला, त्यात हवेचे बुडबुडे. सकाळी पुसला तर दुपारी परत. गोगलगायी एकेक करून उलट्या पडू लागल्या. मुलगा रात्र रात्र पुस्तके चाळत बसे. शेवटी एका रात्री त्याने मला समजावून सांगितले, आणि ते ऐकून मी थक्क झाले. प्रवाळाचा रंग आणि बहुतेक पोषण येते ते त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालापासून. उजेडावर ते साखर तयार करते आणि यजमानाला देते. आम्ही पाणी इतके निर्धन केले, की त्या पाहुण्याचीही उपासमार झाली. आणि तो तपकिरी थर? तोही त्याच पाहुण्याच्या जातकुळीतला एक सूक्ष्म जीव. पण विषारी, आणि जिथे बाकी कोणाला काही मिळत नाही तिथे माजणारा. म्हणजे ज्याला आम्ही सरसकट शत्रू मानून हद्दपार करायला निघालो होतो, त्याचाच भाऊबंद प्रवाळाच्या पोटात बसून त्याला जगवत होता!

बराच वेळ दोघेही गप्प बसलो. मग मुलाने उठून टाकीच्या कडेचे ते फिरते यंत्र काढले, त्याची तार गुंडाळली आणि म्हणाला, "आई, उद्यापासून तूच घाल. थोडं जास्तच लागेल आता."

कित्येक महिने मी या वाक्याची वाट पाहिली होती. ते आले की काय बोलायचे, तेही ठरवून ठेवले होते. पण तोंडातून निघाले ते एवढेच: "किती?"

तो माझ्याकडे पाहून हसला. मार्चनंतर पहिल्यांदाच. आम्ही वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. रोज दीड वडी. लाल दाणे सगळे काढायचे. तीन दिवस दिवे बंद. आठवड्याला दोनदा पाणी तपासायचे. आणि नळी नुसती पांढरी राहिली तर पाव वडी वाढवायची. बोलता बोलता तो म्हणाला, "मीही तेच केलं, आई. तू घालून चुकलीस, मी काढून." मी म्हटले, "तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं मला. तुला सांगायचं राहून गेलं."

ऑक्टोबरअखेर तपकिरी थर गेला. हातोडीच्या प्रवाळाच्या चौदा फांद्यांपैकी तीन वाचल्या. बाकीचे पांढरे सांगाडे आम्ही काढले नाहीत. त्यांवर आता जांभळट कवच चढले आहे आणि लहान मासे त्यांच्या आडोशाला निजतात. त्या वर्षीच्या दिवाळीला नातवाने तीन हा आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. आज त्या फांद्या सात आहेत. नातू माझ्या डोक्यावर गेला आहे.

शेवाळ पुरते गेले का? नाही. मागच्या काचेवर थोडे आहे. तेवढे मी राखून ठेवते; पिवळू दुपारभर ते चरत असतो. वडिलांचे वाक्य मी मनाशी थोडे वाढवून घेतले आहे: ओल आहे तोवर शेवाळ आहे, आणि ओल आहे तोवरच बाकीचेही सगळे आहे. किती ओल ठेवायची, एवढाच प्रश्न. आणि तो रोज नव्याने सोडवावा लागतो.

फराळाच्या ताटांची तीच गोष्ट. परवा करंज्या तळल्या. नातवाच्या ताटात चार वाढल्या आणि पाचवी हातात घेऊन उभी राहिले. त्याने सवयीने दोन्ही हात ताटावर आडवे धरले. मी हातांच्या फटीकडे पाहिले, मग त्याच्या तोंडाकडे.

"किती?" मी विचारले.

तो क्षणभर गोंधळला. मग हात बाजूला घेत म्हणाला, "अर्धी चालेल, आजी."

मी करंजी मोडली. उरलेली अर्धी मीच खाल्ली.